हिरवा चौकोन

खदानीखालच्या बौद्धवाडीची विहीर उपसायचं ठरलं ते रखमाच्या ओट्यावर, आणि ठरवणाऱ्या सगळ्या बायका होत्या. पुरुषांना मागाहून कळवलं, तेही पंप आणायचा होता म्हणून.

दोन हजार पाचचा जानेवारी होता. अंबरनाथ-बदलापूरच्या जमिनीखालचं पाणी तपासत एका संशोधन संस्थेची माणसं गावोगाव फिरत होती. कारखान्यांचं सांडपाणी जमिनीत मुरून कुठपर्यंत पोचलंय, याचा नकाशा त्यांना संगणकावर करायचा होता. रखमाचा मुलगा मिलिंद त्याच संस्थेत नोकरीला होता. अंबरनाथ पूर्वेला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. मिलिंद त्या आठवड्यात ट्रेनिंगसाठी पुण्याला गेला होता, आणि जाताना सहज सांगून गेला होता, की परवा आपल्या वाडीतही पाणी न्यायला येतील.

एवढं पुरलं.

ही विहीर साधी नव्हती. वाडीतले म्हातारे खदानीत दगड फोडायचे. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी ठरवलं, आता गावाच्या विहिरीवर कोणी ओंजळ धरून बसायचं नाही. दिवसा मालकाचा दगड फोडायचा आणि संध्याकाळी स्वतःचा. रखमाच्या सासऱ्याचं एक बोट त्या कातळात गेलं. विहिरीला पाणी लागलं, पण वरच्या आळीतली माणसं ते कधी प्यायली नाहीत. तोंडावर कोणी काही बोलत नसे. सगळे शिकलेले. फक्त वाडीत लग्नाला आले की त्यांचा नेमका उपास निघायचा.

पुढे खदान बंद पडली. मग कुठले कुठले टँकर येऊन तिच्यात काय काय ओतून जाऊ लागले. वाडीने तक्रार केली, ती कुठेतरी पोचली असेल, नसेल.

"कागदावर आपलं पानी घान लागलं तर वरची आळी काय म्हनंल? आमी सांगतच व्हतो, म्हनंल," रखमा म्हणाली.

शेजारची भागीरथी जरा बिचकत म्हणाली, "पन रखमाबाय, ते तपासायलाच येतात ना? घान असंल तर कळू दे की."

"घान नाय ते, वरवरचा गाळ हाय. पाहुना येनार म्हनल्यावर आपन घर झाडतो का नाय? तसंच हे. आनि मिलिंदला कोनी सांगू नका. तो नियमाचा मानूस. साहेबाला जाऊन सांगून बसंल."

पंप लावून विहीर उपसली. बायका-पुरुष दोरावरून खाली उतरले, गाळ काढला, भिंती काथ्याने घासल्या, चुना लावला, ब्लीचिंग पावडर टाकली. पण जानेवारीतला झरा तो, तळाला घोटाभर पाणी येऊन थांबलं. एवढी घासूनपुसून केलेली विहीर रिकामी कशी दाखवायची? वर्गणी काढून अंबरनाथहून नळाच्या पाण्याचे दोन टँकर मागवले आणि ओतले. तळाचा दगड न् दगड दिसायला लागला. लहान पोरं वाकून आपली तोंडं बघत होती.

यात लबाडी कोणाच्या मनात नव्हती. लबाडी करणाऱ्याला निदान ठाऊक तरी असतं आपण काय करतोय ते. इथे ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेजण बाटल्या घेऊन आले. त्यांनी फीत सोडून पाण्याची पातळी मोजली, यंत्रावर जागेची नोंद घेतली, बाटल्या भरल्या. त्यातला एकजण रखमाला म्हणाला, "मावशी, एवढी नीट ठेवलेली विहीर आम्ही अख्ख्या तालुक्यात पाहिली नाही." ते वाक्य रखमाने पुढे वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं. मिलिंदलाही तिने तेवढंच सांगितलं, बाकीचं नाही.

ऑफिसमध्ये मिलिंदचं काम असं. जुन्या नकाशांवरचे उंचवटे, ओढे, खडकांचे थर संगणकावर उतरवायचे. मग त्या सगळ्या मुलखाचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाला खडक कुठला आणि पाणी किती वर, हे सांगितलं की संगणक हिशेब करून दाखवायचा, की पाणी कुठून कुठे झिरपेल आणि आपल्याबरोबर काय घेऊन जाईल. उल्हासनगरच्या बाजारातून सुटे भाग जुळवून आणलेले दोन संगणक होते. एक हिशेब पुरा व्हायला सकाळची संध्याकाळ व्हायची, आणि मध्ये भारनियमनात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मिलिंदला हे काम मनापासून आवडायचं. ज्या जमिनीवर आपण चालतो तिच्या पोटातलं दिसतं, याचं त्याला अजून नवल वाटायचं.

प्रयोगशाळेतून पाण्याचे आकडे यायच्या आधीच त्याने पहिला हिशेब लावून पाहिला होता. पडद्यावर खदानीपासून एक लाल जीभ निघाली आणि थेट वाडीच्या खालून ओढ्याकडे गेली. त्या दिवशी मिलिंद डबा न खाता घरी गेला.

मग आकडे आले. बेचाळीस विहिरींपैकी एकेचाळीस त्या चित्रात चपखल बसल्या. वाडीची तेवढी बसेना. सांडपाण्यातून येणारं नायट्रेट तिच्यात जवळजवळ नाही आणि पाण्याची पातळी आजूबाजूपेक्षा कितीतरी वर. मिलिंदचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोला, त्याला ते खरं असायला हवंच होतं.

प्रकल्पाचे प्रमुख श्यामकांत सर, निवृत्तीला आलेले भूगर्भशास्त्रज्ञ. ते खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

"मिलिंद, हा बिंदू काढून टाक. खदानीच्या उताराला पाणी असं वर चढून बसत नाही."

"नमुना नीट घेतलाय, सर. मी विचारलं त्या दोघांना. विहीर एकदम क्लीन होती म्हणाले."

"असेल. पण खदानीपासून हाकेच्या अंतरावर इतकं शुद्ध पाणी? आपण परत एकदा माणूस पाठवू."

मिलिंद पडद्याकडेच बघत म्हणाला, "एकेचाळीस विहिरींना एकदा तपासून भागलं, सर. आमच्याच विहिरीची दोनदा परीक्षा का?"

श्यामकांत सर भले होते. भल्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो उत्तर शोधत नाही, शरमतो. सर शरमले. आपल्या मनात तसलं काही होतं का, हेच ते तपासत बसले आणि पाणी तपासायचं राहिलं.

"तुझं बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "मोजलेला आकडा आपल्या गणितात बसत नाही म्हणून फेकायचा नाही, हे मीच आयुष्यभर शिकवत आलो. ठेव तो."

मिलिंदचा प्रश्न चुकीचा होता का? मुळीच नाही. असे प्रश्न न विचारता त्याच्या बापाचा, सुदामचा, सगळा जन्म कारखान्याच्या गेटावर मान खाली घालून गेला होता. नेमका या खेपेला तो विचारायला नको होता, आणि ते कळायला मिलिंदकडे काही साधन नव्हतं. साधन होतं ते त्याच्या आईकडे, आणि ती त्या वेळी घरी भाकऱ्या थापत होती.

संगणकाला ना लाज ना अभिमान. जे द्याल ते तो जुळवून घेतो. वाडीचा आकडा जुळवायचा म्हणून त्याने वाडीखाली एक कठीण खडकाचा उंचवटा मानला, लाल जिभेचे दोन भाग केले आणि दोन्ही बाजूंनी वळवून ओढ्याला नेले. मधोमध राहिला एक हिरवा चौकोन.

तो नकाशा अहवालात गेला. अहवालावरून जलवाहिनीचे टप्पे ठरले. लाल भागाला नळ आधी, हिरव्याला शेवटी. त्याच पावसाळ्यात जुलैमध्ये उल्हास नदी बदलापुरात घराघरांत शिरली, सगळी खाती त्या निस्तरण्यात अडकली आणि नकाशाकडे पुन्हा बघायला कोणाला सवड झाली नाही.

मिलिंदने नकाशाची रंगीत प्रत घरी आणली. "हा हिरवा आपला," त्याने बोट ठेवून दाखवलं. रखमाने ती विहारात नेऊन लावायला लावली. वरची आळी लाल भागात होती; तिथे नळ आला तेव्हा वाडी हसली. त्यांचं पाणी नासलं, आपलं नाही, म्हणून. पन्नास वर्षांत पहिल्यांदा हसायची पाळी वाडीची होती. तिला दोष देववत नाही.

त्या डिसेंबरात मिलिंदचं लग्न झालं. बायको संध्या उल्हासनगरची, कॅम्प चारमधली. शेजारी सगळे सिंधी, त्यामुळे हिच्या मराठीत निम्मं हिंदी. रागावली की मग पूर्णच. पुढच्या दिवाळीच्या सुमाराला तिला मुलगी झाली. नाव ठेवलं मैत्रेयी.

बाळंतपणानंतर महिन्याभरात संध्याला टायफॉइडने धरलं. तापात दूध गेलं ते परत आलं नाही. डॉक्टरांनी डब्याचं दूध लिहून दिलं. नातीची बाटली करायचं काम रखमाने आपल्याकडे घेतलं आणि दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. वाडीतली बाकी तान्ही पोरं आयांच्या अंगावर पीत होती. विहिरीच्या पाण्यावर पोसलेलं हे पहिलंच बाळ.

त्या पाण्यातलं नायट्रेट मोठ्या माणसाला लगेच काही करत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्तात ते शिरलं की रक्ताला प्राणवायू धरता येत नाही. बाळ श्वास घेत राहतं आणि आतून गुदमरत राहतं.

"अहो, हिचे ओठ बघा ना," संध्या एका सकाळी म्हणाली. "काळेनिळे दिसतात."

"थंडीनं व्हतं तसं," रखमा म्हणाली आणि तिने मुलीला आणखी एक दुपटं गुंडाळलं.

चार-पाच दिवसांत नखंही तशीच दिसायला लागली. मुलगी रडायची कमी झाली. अंबरनाथच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी मुलीला तपासलं, डब्याचं दूध पाजता हे ऐकलं, आणि पहिला प्रश्न अगदी बरोबर विचारला.

"घरी पाणी कुठलं? विहीर, बोअर?"

"विहिरीचं," मिलिंद म्हणाला. "पण टेस्टेड आहे, डॉक्टर. आमच्या संस्थेनेच केलंय. नायट्रेट जवळपास झिरो. मी स्वतः ते काम करतो."

समोरचा माणूस आकडा सांगतोय म्हटल्यावर डॉक्टरांनी ती शंका सोडून दिली. हृदयात जन्मापासून काही दोष असेल म्हणून तपासणी लिहून दिली. ती तपासणी, तिचा रिपोर्ट, पुन्हा डॉक्टर, यात तो दिवस गेला, आणि मैत्रेयीकडे तेवढाच दिवस होता.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिचं रक्त काढलं. सुईत आलं ते लाल नव्हतं, काथासारखं तपकिरी होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ते बघताच विचारलं, "पाणी कुठलं देता?" या वेळी मिलिंद काही बोलला नाही. त्या आजारावर एक निळं इंजेक्शन असतं. ते मागवलं, आलं, दिलं. दुपारी मैत्रेयी गेली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात संध्याने मिलिंदची कॉलर दोन्ही हातांनी धरली. "तुम बोले थे पानी साफ है," ती म्हणत राहिली. "डॉक्टरने पूछा था. तुम बोले थे." लोक बघत होते. मिलिंदने तिचे हात सोडवले नाहीत. त्यानंतर ती माहेरी गेली ती वाडीत परत आली नाही.

मिलिंद आठवड्याने ऑफिसला गेला. कोणाशी न बोलता त्याने वाडीचा आकडा काढला आणि हिशेब सुरू केला. संध्याकाळी लाल जीभ वाडीखालून सरळ ओढ्याला गेली, पहिल्या दिवशी गेली होती तशीच. श्यामकांत सर मागे येऊन उभे राहिले होते.

"नमुना खोटा नव्हता, सर," मिलिंद म्हणाला. "मग पाणी एवढं चांगलं आलं कुठून?"

हा प्रश्न घेऊन तो घरी आला. रखमा अंगणात बसली होती, शेजारी भागीरथी. त्याने तोच प्रश्न आईला विचारला.

"सांग त्याला, रखमाबाय," भागीरथी म्हणाली. "माझी सून आठव्या महिन्यात हाय. सांगून टाक."

रखमाने सांगितलं. पंप, गाळ, चुना, दोन टँकर. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पाण्याचं विचारलं तेव्हाच तिला सगळं उमगलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" मिलिंदने विचारलं.

"तू सायबाला सांगितलं असतंस."

"हो," मिलिंद म्हणाला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं रखमा नंतर भागीरथीला म्हणाली.

अहवालातला आकडा असा नुसता खोडता येत नाही. का खोडला हे लिहावं लागतं, आणि विहिरीत काय केलं होतं हे वाडीतल्या कोणीतरी सही करून सांगावं लागतं. म्हणजे वरच्या आळीलाही ते कळणार. मिलिंद म्हणाला, मी माझ्या नावाने लिहितो. रखमाने ऐकलं नाही. विहाराला नेसायची पांढरी साडी नेसून ती त्याच्याबरोबर अंबरनाथला गेली. त्या ऑफिसचा जिना ती पहिल्यांदाच चढत होती.

पुढे तिच्या त्या सांगण्यावरून वाडीचा चौकोन लाल झाला. लगेच टँकर सुरू झाला, वर्षभराने नळ आला. भागीरथीची नात टँकरच्या, मग नळाच्या पाण्यावर वाढली. वरातीमागून घोडं, पण आलं. वरच्या आळीने बोलायचं ते बोलून घेतलं. वाडीच्या कुठल्याही आकड्याखाली आता खात्रीची वेगळी सही मागतात, तेही खरं.

पण त्या दिवशी ऑफिसात रखमा सरांच्या टेबलासमोर ताठ बसली होती. मिलिंद दाराशी उभा होता. सर विचारत होते, ती सांगत होती, सर लिहून घेत होते. तिने काही लपवलं नाही. ब्लीचिंग पावडर किती टाकली हेही सांगितलं. सगळं संपलं असं तिला वाटलं तेव्हा सरांनी आणखी एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर डॉक्टरांच्या अहवालाला जोडायला लागणार होतं.

"मावशी, बाळाच्या दुधात पाणी कसं घालत होतात? तसंच, विहिरीतलं?"

रखमाची मान वर झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्याकडे असं काही होतं, ज्यात ती चुकली नव्हती.

"तसं कसं घालीन, साहेब? उकळून. नुसती उकळी नाय, चांगलं रटारटा. टोप निम्मा व्हईस्तवर चुलीवर ठेवायची मी. तान्हं लेकरू ते. सकाळ-संध्याकाळ मी सोता करायची."

सरांचं पेन थांबलं. नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं, ते मागे राहतं, आणि निम्म्या पाण्यात दुप्पट होतं. हे सरांना ठाऊक होतं. मिलिंदलाही ठाऊक होतं, आणि आपली आई एवढं उकळते हे तो आत्ता ऐकत होता. त्याने तोंड फिरवलं.

"बरोबर केलं ना मी?" रखमाने विचारलं. "उकळूनच द्यायचं असतं ना?"

"बरोबर केलंत, मावशी," श्यामकांत सर म्हणाले.

मग त्यांनी मान खाली घातली आणि तिने सांगितलं होतं तसंच लिहिलं, की पाणी निम्मं होईपर्यंत उकळत असत. कागद तिच्याकडे सरकवला. रखमाने पेन घेतलं आणि न वाचता सही केली.